कळलं, पण वळलं नाही

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

'ताई, माझं वय ४६. आठ महिन्यांपूर्वी, जिथे कायद्याने परवानगी आहे अशा ठिकाणी जाऊन, मी सायलोसायबिनचं (काही अळिंब्यांमध्ये आढळणारं, भान बदलणारं द्रव्य) मार्गदर्शित सत्र घेतलं. आधी तपासण्या झाल्या, तयारीच्या बैठका झाल्या, दोन अनुभवी मार्गदर्शक पूर्णवेळ सोबत होते. सगळं रीतसर. त्या पाच तासांत माझं "मी" असं काही उरलंच नव्हतं.

'मोठ्या भावाशी माझं अकरा वर्षं बोलणं नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात भांडण झालं, तेव्हापासून. सत्रात मला एक प्रसंग दिसला. मी सात-आठ वर्षांचा आहे, माझ्या हातून काहीतरी फुटलंय आणि दादा पुढे होऊन "मी फोडलं" म्हणतोय. माझा मार त्याने खाल्ला. हे मला कधी आठवतच नव्हतं. मी ढसाढसा रडलो. राग असा गेला, की जणू कधी नव्हताच.

'परत आल्यावर महिनाभर मी वेगळाच माणूस होतो. पहाटे उठून ध्यान, मुलीवर आवाज चढवणं बंद, ऑफिसात कुणी काही बोललं तरी शांत. भेटेल त्याला सांगत होतो. मग हळूहळू सगळं ओसरलं. मागच्या आठवड्यात मुलीच्या हातून माझ्या कागदांवर पाणी सांडलं, तर मी असा ओरडलो की ती दार लावून बसली. बायको म्हणाली, "विश्वाशी एकरूप होऊन आलास, पण समोरचं माणूस बोलत असताना तुला फोन काही खाली ठेवता येत नाही." सत्रातलं संगीत मी रोज ऑफिसला जाताना लावतो, पण आता काहीच होत नाही.

'ओळखीतला एकजण म्हणतो, परत एकदा घे, मी घरीच सोय करतो. मला विचारायचंय : तो अनुभव खोटा होता का? परिणाम संपला का? आणि परत घेऊ का? दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या वहीच्या पानाचा फोटो जोडतोय, म्हणजे ते किती खरं होतं ते तुम्हाला कळेल.'

— एक वाचक

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि वहीचं पान चार वेळा. पानाकडे नंतर येते. पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य तुमच्या बायकोचं आहे आणि तुम्ही ते टोमणा म्हणून नोंदवलंय, एवढं आधी सांगून ठेवते.

मी स्वतः असं सत्र घेतलेलं नाही. पण घेऊन आलेल्यांशी समुपदेशनाच्या निमित्ताने बरंच बोलले आहे. ती माणसं माझ्याकडे साधारण तुमच्याच मुक्कामावर येतात, सहा महिने उलटून गेल्यावर. पहिल्या महिन्यात कुणी येत नाही. तेव्हा भेटलेच, तर मलाच सल्ला देऊन जातात.

अनुभव खोटा होता का? नव्हता. सायलोसायबिन चार-सहा तासांत ओसरतं, पण त्या वेळात जे रडू आलं ते तुमचंच होतं, दुसऱ्या कुणाचं नाही. मात्र नंतरचा महिना तुमचा होता का, हे जरा तपासून बघायला हवं. त्या महिन्याला नाव आहे. वॉल्टर पान्के नावाच्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात त्याला 'आफ्टरग्लो' म्हटलं आणि त्याची मुदतही सांगून ठेवली : दोन आठवडे ते एक महिना. आपल्याकडे संधिप्रकाश म्हणता येईल. सूर्य बुडालेला असतो, आभाळ उजळ असतं. त्या उजेडात कुणीही शांत असतं हो. तुम्ही त्याला स्वतःची कमाई समजलात आणि तो मावळल्यावर दिवाळं निघाल्यासारखं वाटलं.

त्या काळाचा उपयोग मात्र असतो. २०२३ मध्ये उंदरांवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. लहान वयात उंदीर सोबत्यांमध्ये राहून काही गोष्टी सहज शिकतात, मोठेपणी ती शिकण्याची क्षमता मिटते. सायलोसायबिन दिल्यावर ती प्रौढ उंदरांमध्ये साधारण दोन आठवडे पुन्हा जागी झाली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे मी यावर इमले बांधणार नाही. पण समजा, माणसाचं मनही त्या काळात थोडं मऊ होत असेल, तर तुम्ही ते दिवस कशात घालवलेत? पहाटेचं ध्यान, आणि भेटेल त्याला हकिगत. दोन्ही चांगलंच, पण दोन्हींत समोर दादा नव्हता.

आता पान. वरचा अर्धा भाग निळ्या शाईत आहे, अक्षर मोठं, भरधाव. 'विश्व' हा शब्द सात वेळा आलाय. 'सगळं एकच आहे' या ओळीखाली तीन रेघा आहेत, त्यातली तिसरी इतकी दाबून मारलीय की कागद फाटलाय. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, तिरकं, मुंगीएवढ्या अक्षरात दोन शब्द : 'दादाला फोन?' त्याखाली रेघ नाही. प्रश्नचिन्ह मात्र दोनदा गिरवलेलं आहे. एकदा निळ्यात, एकदा काळ्यात. म्हणजे तुम्ही नंतर कधीतरी त्या पानापाशी परत आला होतात, पेन उचललंत, आणि फोन करण्याऐवजी प्रश्नचिन्ह ठळक केलंत.

तुम्ही ते पान अनुभवाच्या खरेपणाचा पुरावा म्हणून पाठवलंत. मला ते न झालेल्या कामाची यादी वाटली. एकाच कामाची.

या क्षेत्रात सत्रानंतरच्या कामाला 'इंटिग्रेशन' म्हणतात. मी मुरणं म्हणते. मुसळधार पाऊस पडला म्हणून विहिरीला पाणी लागत नाही; उघड्या उतारावरून ते दोन तासांत वाहून जातं. मुरायला चर खणावे लागतात, बांध घालावे लागतात, आणि हे सगळं पाऊस नसताना, उन्हात करायचं असतं. तुमच्याकडे पाऊस झाला. दणकून झाला. चर खणायचे राहिले.

आणि हे फक्त माझं मत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या चमूने ७५ जणांचा एक अभ्यास केला, तो २०१८ मध्ये छापून आला. त्यात मोठा डोस घेणाऱ्यांचे दोन गट होते. एकाला नेहमीची मदत, दुसऱ्याला त्याहून कितीतरी जास्त : ध्यान, रोजचं लेखन, दिवसभर स्वतःकडे लक्ष ठेवायचा सराव, आणि त्यासाठी नियमित बैठका. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत जवळीक, कृतज्ञता, क्षमा अशा गोष्टींत चांगला फरक दिसला. पण एकंदरीत जास्त मदत मिळालेला गट पुढे होता. अनुभवाची खोली आणि नंतरचा सराव, दोन्हींचा त्यात वाटा होता. तुम्ही म्हणाल, ध्यान तर मीही केलं. केलंत, महिनाभर. मन आपोआप शांत होतं तोवर बसलात आणि बसायची गरज पडू लागली तेव्हा उठलात.

त्याच चमूचा २००६ चा अभ्यास मला त्याहून आवडतो, एका साध्या कारणासाठी. ३६ जणांना त्यांनी 'तुम्ही बदललात का' हे विचारलंच, पण प्रत्येकाकडून जवळच्या तीन माणसांची नावंही घेतली होती : घरचे, मित्र, सहकारी. सत्राच्या आधी आणि नंतर साधारण दोन महिन्यांनी त्यांना फोन करून विचारलं, हा माणूस कसा वागतो? त्यांनाही थोडा चांगला बदल जाणवला होता. चौदा महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ५८ टक्के लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत धरला, ६४ टक्क्यांनी समाधान वाढल्याचं सांगितलं. ही माणसं मुळातच अध्यात्माकडे ओढा असलेली होती, हेही लक्षात घ्या. पण ती तीन नावं! तुमच्याकडून तीन नावं मागितली असती तर पहिलं बायकोचं असतं. आणि तिचा जबाब तिने न विचारता दिलेला आहे.

म्हणून सराव तिथून सुरू करा. पहाटेचं ध्यान ठेवायचं तर ठेवा, मला त्याची फारशी काळजी नाही. समोर माणूस बोलायला आलं की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून यायचा. खिशात नाही, पालथा नाही, दुसऱ्या खोलीत. आठवडाभर हात शिवशिवेल. आणि महिन्यातून एकदा बायकोला विचारायचं : 'या महिन्यात मी कसा होतो?' ती जे सांगेल त्याला उत्तर द्यायचं नाही. 'हो, पण त्या दिवशी काय झालं होतं...' हेही नाही. ऐकायचं आणि उठायचं. अवघड आहे. मी माझ्या नवऱ्यासमोर करून पाहिलंय, तिसऱ्या वाक्याला माझं तोंड उघडलं.

स्वतःचं आणखी एक सांगते, कारण तुम्हाला वाटत असेल की हा ओसरायचा शाप फक्त औषधाला आहे. मी एकदा दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेले होते. दहाव्या दिवशी मला झाडाचं पान हलताना बघूनही भरून येत होतं. परतीच्या प्रवासात, निघाल्यावर तासाभरात, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून मी शेजारच्या बाईंशी कडाकडा भांडले. दहा दिवसांत न वापरलेला सगळा आवाज एकदम वापरला. सुंभ जळतो, पीळ राहतो. पण त्यानंतर एक फरक पडला, तो मला बऱ्याच उशिरा लक्षात आला. भांडून झाल्यावर पूर्वी मी दोन दिवस धुमसायचे. त्या दिवशी अर्ध्या तासाने त्या बाईंना म्हटलं, 'राहू दे उघडी.'

तुमचा बदलही तिथेच शोधा : ओरडल्यानंतर परत यायला किती वेळ लागतो. अजिबात न ओरडणारा बाप तुम्ही एका सत्रात होणार नव्हतातच. मुलगी दार लावून बसली, पुढे काय झालं हे पत्रात नाही. तुम्ही दार वाजवलंत का? वाजवलं नसेल तर आजही वाजवता येईल. 'मी ओरडलो, चुकलं माझं, कागद वाळले' एवढं पुरे. त्यात विश्व आणू नका, आणि 'पण तूही जरा बघून...' हे तर मुळीच नको.

आता दादा. इथे मला थांबून बोलायचंय, कारण तुमच्या पत्रात एक धोका दडलेला आहे.

तुम्हाला जो प्रसंग दिसला तो खरा असेल. नसेलही. या पदार्थांच्या अमलाखाली जे दिसतं त्यासोबत खात्रीही येते, आणि ती खात्री फार जबरदस्त असते. डोळ्यांसमोरचं दिसणं आणि घडून गेलेलं असणं यांतली रेघ पुसली जाते. शुद्धीतही स्मृती काही कमी खेळ करत नाही. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९९५ मध्ये २४ माणसांना लहानपणच्या काही प्रसंगांबद्दल विचारलं. त्यांत 'तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात' हा रचलेला प्रसंग मिसळला होता. कुटुंबीयांकडून कळलंय एवढं सांगणं पुरलं, साधारण चौथा हिस्सा माणसांना तो पूर्ण किंवा अर्धामुर्धा 'आठवला'. तेव्हा दादाकडे जाऊन 'तू माझ्यासाठी मार खाल्लास, मला सगळं कळलंय' असं जाहीर करू नका. त्याला ते आठवत नसेल तर तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल आणि बाराव्या वर्षाला सुरुवात होईल.

विचारा. 'लहानपणी माझ्या हातून काही फुटलं होतं आणि तू स्वतःवर घेतलं होतंस, असं काही झालं होतं का रे?' तो 'नाही' म्हणाला तरी हरकत नाही. त्या चित्राने तुम्हाला जे सांगितलं ते इतिहासाचं नव्हतंच कदाचित. दादाची आठवण येते, एवढंच असेल. ते खरं असायला काच फुटायची गरज नाही.

आणखी एक. 'भांडण झालं' असं तुम्ही लिहिलंय. पाऊस झाला, उशीर झाला, तसं भांडण झालं. अहो, भांडण कुणीतरी करतं. दादाने काय केलं हे तुम्हाला पाठ असणार. तुम्ही काय बोललात ते पत्रात नाही, पानावर नाही, सत्राच्या वर्णनातही नाही. तुम्ही त्याला माफ केलंत हे मोठंच झालं. पण त्याला तुमच्याकडून माफी हवी असेल, तर? तुमचा राग पाच तासांत गेला. तो त्या खोलीत नव्हता. त्याचा राग अकरा वर्षांचा आहे आणि सगळा जागेपणी साठवलेला आहे. तो फोन कापेल. कदाचित 'आज कशी आठवण झाली?' असं आवाज न चढवता विचारेल, ते कापण्यापेक्षा वाईट लागतं. त्यासाठी एक वाक्य आधीच लिहून ठेवा, त्या आजारपणातलं, स्वतःच्या वाटणीचं. आणि पहिल्या फोनमध्ये सत्राचा विषय काढू नका. इतक्या वर्षांनी फोन आला आणि तो औषधामुळे आला, हे ऐकायला कुणालाच आवडणार नाही.

(एक पैज लावते. भेटेल त्याला सांगत होतात तेव्हा दादाचा भाग वगळत होतात. बरोबर? ही खोड तुमची एकट्याची नाही. याच पान्के यांनी १९६२ मध्ये बोस्टनमध्ये एका प्रार्थनास्थळात धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांवर प्रसिद्ध प्रयोग केला. दहांना सायलोसायबिन दिलं होतं. सुमारे पंचवीस वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्या माणसांना शोधून काढलं. सायलोसायबिन घेतलेल्यांपैकी जे भेटले, त्यांतल्या बहुतेकांना तो दिवस अजून मोलाचा वाटत होता. पण हेही कळलं, की एकाची अवस्था त्या दिवशी इतकी बिघडली की त्याला शामक औषध द्यावं लागलं होतं, आणि मूळ अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. सुंदर हकिगत सांगताना नेमका दुखरा तुकडा गळतो. संशोधकाकडूनही.)

परत घेऊ का, या प्रश्नाला दोन उत्तरं.

घरी, त्या ओळखीच्या माणसाकडून : नाही. यावर चर्चा नाही. पहिल्या वेळी तुमच्या तपासण्या झाल्या त्या हौसेने नव्हत्या. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा गंभीर मनोविकार असेल तर अशा अभ्यासांत प्रवेशच नाकारतात. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवायला देतात ते औषध) चालू असताना हे घेतल्यास फिटचे झटके येऊ शकतात. तो माणूस हे विचारणार आहे का? शिवाय बहुतेक देशांत तो सरळ गुन्हा आहे.

रीतसर ठिकाणी : आत्ता नाही. का जायचंय ते बघा. तुम्हाला नवीन काही कळायला नकोय. तेच, पुन्हा, तितक्याच जोरात कळायला हवंय, कारण कळताना छान वाटतं. वळताना वाटत नाही. गंमत बघा, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २०२० च्या मतदानानंतर सायलोसायबिनची परवाना असलेली केंद्रं आली, २०२३ मध्ये सुरूही झाली. तिथल्या नियमांत आधीची तयारीची बैठक सक्तीची आहे आणि नंतरची, मुरवण्याची, ऐच्छिक. तुमच्या मार्गदर्शकांनीही अशी बैठक देऊ केली असेल. तुम्ही गेलात का, हे लिहिलेलं नाही. गेला नसाल तर आठ महिन्यांनीही विचारून बघा. दुसऱ्या सत्राचं आपण दादाच्या फोननंतर बोलू. फोन कसाही होवो.

जाता जाता एक गोष्ट, तुमच्या पत्रात खूण नाही, तरी. झोप उडणं, आजूबाजूचं जग खोटं वाटत राहणं, नजरेसमोर आकृती तरळत राहणं, जगणं नको वाटणं, यातलं काही असेल तर मला पत्र लिहीत बसू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे जा आणि सत्राबद्दल काही न लपवता सांगा. सायकेडेलिक म्हणजे सायलोसायबिनसारखी द्रव्यं घेतल्यानंतर दिवसभराहून जास्त त्रास झालेल्या ६०८ जणांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यातल्या साधारण एक-तृतीयांश लोकांचा त्रास वर्षाहून जास्त टिकला होता. हे ज्यांना त्रास झाला त्यांच्यातलं प्रमाण आहे, सगळ्यांमधलं नव्हे. पण 'चांगला अनुभव होता, मग आता तक्रार कशी करू' म्हणून माणसं गप्प बसतात, ते करू नका.

तुमची,
ताई

ता. क. सत्रातलं संगीत रोज लावणं बंद करा. ते झिजलंय, आणि आणखी झिजवलंत तर उरलेलंही जाईल. ऑफिसच्या वाटेवर तेवढा वेळ मोकळा होईल. अकरा वर्षांत दादाचा नंबर बदललेला असू शकतो. तो कुणाकडे असेल, तेवढं आज आठवून ठेवा.